गहाण न पडलेलं वावर

धानोरा,
ता. २ मार्च १९५५

तीर्थरूप गुणवंतभाऊले धाकट्या भागीरथीचा पायलागू.

इथी सारे बरे आहोत. वहिनीची कंबर कशी आहे? वावरातली लाखोळीची डाळ निघाली का? इकडं पळस फुलला आहे अन् दुपारचं ऊन आतापासूनच चटकून राह्यलं.

तुमचे जवाई, म्हणजे रंभाचे बाबा, जंगलनाक्यावर मजेत आहेत. पगार तोच, एकट्याचा. हातात आला की आधी रंभाच्या लगनाचे पैसे डब्यात, मग हाट. पुरलं नाई तर त्या आठवड्यात भाजीले फोडणी नाई. दुकानदार विचारते, "बाई, लिहून ठेवू का?" मी म्हणते, "तू मीठ मोज, लिहिणं राहू दे." जवाई हसतात. म्हणतात, नाकेदार मी, पण घरचा नाका हिच्याजवळ.

भाऊ, दिवाळीत तुमी बोलले होते, "एकुलती एक भाची. बँड लावतो, दोन दिवस गाव जेवू घालतो. शिमगा झाला की मूल गावचं आपलं वावर गहाण टाकतो." तवा मी नुसती मान हलवली. तुमच्यापुढं तोंड उघडाची माझी काय बिशाद?

आता एक ऐका. सावकाराकडं जाऊ नका. गरज नाई राह्यली. पुढचं पत्र वहिनीच्या हाती द्या अन् तिले वाचाले सांगा, म्हणजे कागद तरी शाबूत राहील.

सोमवारी रंभाचं लगन लागलं. आरमोरीच्या पत्रू मास्तराशीच, ज्याले तुमी पाहून गेले.

वहिनी, भाऊले आधी पाणी दे, मग वाच.

तुमाले बोलावलं असतं तर तुमी रिकाम्या हातानं आले असते काय? वावर टाकूनच आले असते. बापूजीनं दगडं वेचून वेचून ते वावर केलं. माझ्या पोरीच्या एका दिवसाच्या बँडपायी ते दुसऱ्याच्या घरात जावं, अन् मी साडी नेसून मिरवावं? मले नाई जमलं, भाऊ. पत्रूच्या घरच्यांले खरं सांगितलं, एक दिवस, एक जेवण. ते लगेच हो म्हणाले.

इथल्या गावात चाल आहे, लगनघरी घराघरातून पायलीभर तांदूळ येते. आमच्या दारी बी आले. जवाई अडून बसले, "नाकेदारानं लोकांकडून तांदूळ घेतला तर उद्या लाच म्हणतील." सुकलू म्हणजे आमचा शेजारी, गोंड माणूस. तो तडकला, "साहेब, तुमाले कोण देऊन राह्यलं? पोरीले देतो. माझ्या सोमारीच्या लगनात तुमी आणा, झालं!" जवायांनी उठून पायली आत नेली. सुकलूच्या बायकोनं, बुधरीनं, बायका बसवून पत्रावळी लावल्या. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. कोणी उपाशी उठलं नाई, अन् कोणाचा छदाम देणं नाई.

पण भटजीनं "मामा कुठी?" म्हणून हाक दिली, तवा सारे माझ्याकडं वळले. रंभा रस्त्याकडं पाहून राह्यली होती. मामाले बोलावलं नाई, हे तिले सांगायची हिंमत झाली नव्हती माझी. सुकलूनं डोक्याचं फडकं सोडलं, खांद्यावर टाकलं अन् म्हणाला, "चाल पोरी." तोच तिले बोहल्यावर घेऊन गेला, तिच्या मागं उभा राह्यला. वऱ्हाड पाहतच राह्यलं. मी आत जाऊन लय रडली, भाऊ. ती जागा तुमची होती, हे मले माहीत आहे.

रडून झालं अन् जीव भांड्यात पडला. त्या रात्री किती दिवसांनी झोप लागली मले.

शिमग्यानंतर रंभा अन् पत्रू तुमच्या पाया पडाले येतील. त्या लेकरांवर राग काढू नका. मले मात्र पोटभर शिव्या द्या, मी ऐकून घेईन. पण घरात बसून नाई. आपल्या वावरात जा, आपल्या धुऱ्या-बांधावर उभे राहा, अन् तिथून द्या.

तुमचं न ऐकणारी, तुमचीच,
भागी