पौर्णिमेच्या दुपारची नोंद

सर, खाडीकाठच्या आपल्या गावांची तक्रार तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत होती. भराव टाकायच्या आधी, रस्ता उचलायच्या आधी, टॉवरचा पाया खणायच्या आधी, पाणी तुमच्या दारात कुठपर्यंत येतं हे तळवलीतल्या एकाही माणसाला कुणी विचारलं नाही. हे वाक्य मी इतक्या सभांत ओरडून सांगितलंय की आता लोकच ते माझ्याआधी पूर्ण करतात. गुरुवारी सुनावणी आहे, संरक्षक भिंत किती उंच बांधायची ते ठरणार आहे. पहिल्यांदाच कुणीतरी विचारणार आहे, आणि उत्तर म्हणून गावाकडे फक्त माझी वही आहे.

तीच वही. दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक, प्राकृतिक भूगोलातल्या संशोधन पद्धतींची तोंडओळख. बाकीची मुलं वर्गात नकाशे गिरवत होती आणि तुम्ही मला बांधावरच्या उघाडीपाशी नेलंत, जिथे फळ्या लावून भरतीचं पाणी शेतात शिरू देत नसत. अजून डोळ्यांपुढे आहे: तुम्ही गुडघाभर चिखलात उतरून बांबू रोवताय. त्यावरचे लाल-पांढरे पट्टे तुम्हीच घरी रंगवलेत. मग पाणी भरलेल्या नळीने त्याची उंची देवळाच्या पायरीशी जुळवता, म्हणून आज बांबू नसला तरी वहीतल्या आकड्यांना अर्थ आहे. वर्गात शुद्ध बोलणारे तुम्ही, बांधावर आलात की गावचे व्हायचात. "अमावास्येपासनं पौर्णिमेपर्यंत रोज भरतीला हितं उभं ऱ्हायचं. पानी थांबलं की टायम लिव, उंची लिव, कुठं उभा व्हतास ते लिव. तुला काय वाटलं ते लिवू नको."

मी रोज उभा राहिलो. शेवटच्या दिवशी, पौर्णिमेच्या दुपारी, घणसोलीत मामेबहिणीची हळद होती. बेंजो लागला होता, मटणाची पातेली उतरवायला माणसं कमी पडत होती, आणि मी उघाडीवर गेलोच नाही. संध्याकाळी पेपरातली भरतीची वेळ उतरवली, आदल्या दिवशीच्या उंचीत दोन बोटं वाढवली आणि आकडा लिहून टाकला.

तुम्ही ती ओळ बघून चष्मा कपाळावर सरकवलात. "पौर्णिमेला उघाडीवर व्हतास?"

"व्हतो सर. आयशपथ."

"मंग पानी तुज्यासाटी लवकर आलं म्हनायचं. अरे, पेपरातला टायम मुंबई बंदराचा हाय. तिथनं खाडीत पानी चालत येतं, टॅक्सी करून नाय."

मला हसू आलं. तुम्ही हसला नाहीत. "आयला मधी आनू नको. ती ओळ खोड आनि लिव, पाहिलं नाही. हीच पयली पद्धत. बाकीच्या नंतर."

ओरडला नाहीत, शिक्षा नाही. उलट निघताना तुमची कापडी मोजपट्टी माझ्या हातात दिलीत, खाऱ्या पाण्याने कडक झालेली. मी खोडतो म्हणालो, आणि तेवढ्या विश्वासावर तुम्ही शेवटच्या पानावर सही केलीत. मी खोडलं नाही. सुंदर अक्षरातलं पान खराब दिसलं असतं, एवढंच कारण होतं.

आता उघाडी भरावाखाली आहे आणि भिंतीसाठी लढणाऱ्या आमच्या गावच्या समितीने वहीची झेरॉक्स काढली आहे. सगळ्यात मोठा आकडा म्हणून नेमकी तीच ओळ फ्लेक्सवर छापली आहे, खाली तुमची सही. त्या दुपारी पाणी खरं कुठे थांबलं, मला माहीत नाही. ते माझ्या दोन बोटांवर टेकलं असेल, किंवा वीतभर वर गेलं असेल. मी खरं बोललो तर समोरचा इंजिनिअर म्हणेल, एक ओळ खोटी तर वहीच खोटी, आणि भिंत बुटकी होईल. गप्प राहिलो तर गाव माझ्या थापेमागे झोपेल.

काल तुमच्या घरी गेलो होतो, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. काकू ओट्यावर जवळा निवडत होत्या. "भिंत तुज्या वहीपरमानंच बांदतील ना रं?"

"हो काकू."

"मंग मी पलंग खालीच ठेवते. पोरगा बोलतो, वर ऱ्हायला ये. माजं गुडगं चढतान का जिना? सरांची सही हाय, मी कशाला घाबरू?"

त्यांचा पलंग उंबऱ्यापासून चार पावलांवर आहे, सर. हजार माणसांपुढे माझा आवाज कधी अडला नाही. काकूंपुढे मी तेवढा एक 'हो' म्हणून चपला शोधायला लागलो.

हे पत्र कुठे जाणार नाही, त्याच पानात ठेवतोय. ओळ अजून खोडलेली नाही, हे कबूल करतो. दोनदा पेन टेकवलं आणि उचललं. पण गुरुवारच्या भाषणाचा कागद समोर आहे, आणि त्यावर पहिलं वाक्य लिहिलं आहे: पौर्णिमेचं ते पाणी मी पाहिलेलं नाही. त्याखाली गावासाठी एवढंच: येत्या पौर्णिमेला दुपारी कुणीही कामावर जाऊ नका, आपापल्या दारात उभे राहा, आणि पाणी जिथे थांबेल तिथे घराच्या भिंतीत खिळा ठोका.