जिभेच्या टोकावरचा शब्द

प्रिय धाकट्या,

आधी एवढं वाच की मी बरी आहे. आता पाय पसरून बस आणि पुढचं सावकाश वाच. मध्येच उठून फोन करायला धावू नकोस.

बाबांच्या गॅरेजमधला आपला खेळ आठवतो? रंगवायच्या गाड्यांच्या नंबरप्लेटा काढून भिंतीला टेकवलेल्या असायच्या आणि आपण दोघं उलट्या डब्यांवर बसून त्यातली तीन अक्षरं उचलायचो. इंग्रजी शब्दात ती त्याच क्रमाने आली पाहिजेत, मध्ये हवी तेवढी दुसरी असोत; ज्याचा शब्द लांब, तो जिंकला. तू हरायला लागलास की शब्द पाडायचास. ‘अनरबरेबल’ म्हणजे खोडरबराने न खोडता येणारं, असं तू शपथेवर सांगितलं होतंस. बाबा ग्रीसचे हात पुसत, शब्दकोश चाळत न्याय द्यायचे आणि निकाल काहीही लागो, मोठी म्हणून समजूत मलाच घालायचे.

तर मध्यंतरी माझ्या औषधाच्या दुकानात एक गंमत झाली. निदान तेव्हा ती गंमतच वाटली. एका आजोबांना मला म्हणायचं होतं, “डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा,” आणि तोंडून गेलं, “छत्री दाखवा.” त्यांनी बिचाऱ्यांनी निमूटपणे काखेतली छत्री काउंटरवर ठेवली. आम्ही दोघं हसलो. मग पुढच्या आठवड्यात ‘कात्री’ आठवेना. मग शेजारणीचं नाव. बोलता बोलता पायाखालची पायरीच नाहीशी व्हावी, तसं व्हायचं. तुझ्या भावोजींनी ओढूनच डॉक्टरांकडे नेलं. मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली, नेमकी भाषेच्या शेजारी घर करून बसलेली.

काढायला हवी होती, पण काढताना बोलणं जायला नको, म्हणून मला जागं ठेवूनच ऑपरेशन करणार होते. मेंदूला दुखत नाही म्हणे. डॉक्टर विजेच्या तारेने एकेक जागा चाचपणार, मी बोलत राहायचं. जिथे अडखळेन ती जागा डॉक्टर सोडून देणार. आदल्या दिवशी वाचातज्ज्ञ मुलगी येऊन विचारून गेली, शब्दांचं तुम्हाला काय आवडतं? मी तिला आपला खेळ शिकवला. तिने मान डोलावली, पण तिला तो खुळचटपणा वाटला असावा.

त्या खोलीत थंडी फार. डोकं शिकंज्यात घट्ट, पुढ्यात निळं कापड आणि त्याखाली माझ्यासमोर वाकून बसलेली ती मुलगी. आधी चित्रं दाखवली. घोडा, किल्ली, खुर्ची. सगळं नीट. मग म्हणाली, “आता अक्षरं देऊ? जी, एफ, डब्ल्यू.” मी जरा थांबून म्हटलं, “स्ट्रेटफॉरवर्ड.” तर मागून डॉक्टरांचा शांत आवाज, “पुढे ‘नेस’ लावा, चार अक्षरं वाढतील.” आता सांग, माझ्याच डोक्यात हात घालून या माणसाने मलाच हरवावं?

मग तिने के, डब्ल्यू, डी दिली. शब्द मला दिसला, अगदी जिभेच्या टोकाशी आला, आणि गेला. नुसता तोच नाही, सगळेच गेले. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, तिला काय म्हणतात तेही माझ्याजवळ नव्हतं. रडू येतंय हे कळत होतं, पण ‘रडू’ नव्हतं. क्षणभरच असेल. डॉक्टर म्हणाले, “ही जागा सोडू या,” आणि त्यांनी मेंदूला लावलेली विजेची बारीक तार उचलली. दार उघडावं तसं माझ्या तोंडून आलं, “अक्नॉलेजमेंट!” भूल देणाऱ्या बाईंनी बोटांवर मोजून सांगितलं, पंधरा अक्षरं. मी हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. वाचातज्ज्ञ मुलीने ते पुसलं, स्वतःचे डोळेही पुसले.

गाठ निघाली. जवळजवळ सगळी. काल अहवाल आला, साधी आहे, कर्करोग नाही. तुझे भावोजी तो कागद घेऊन व्हरांड्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मी बोलावलं नाही. माझं डोकं भादरलंय आणि टाक्यांना खाज येते, बाकी काही तक्रार नाही. रात्री गाढ झोपले, कित्येक दिवसांनी.

आता हे सगळं का लिहिते, ते सांगते. तू घेतलेल्या नव्या घरात मी पाऊल टाकलं नाही, तुझे फोन उचलले नाहीत, वाढदिवसालाही दोन ओळींचा निरोप धाडला. तुझी बायको तुझ्या भावोजींना म्हणाली की ताई रागावल्यात, आणि तू तिला सांगितलंस, “तिला काही बोलायचंच नसेल तर मी तरी का मागे लागू?” धाकट्या, मला बोलायचंच होतं रे. फोन वाजला की मी पडद्यावरचं तुझं नाव वाचायचे आणि भीती वाटायची, उचलला आणि नेमका तुझ्याशी बोलताना शब्द सापडला नाही तर? तुला कळलं असतं, आणि तुझा आवाज बदललेला मला ऐकवला नसता. राग नव्हता. कणभरही नव्हता. हे पत्र मिळालं की फोन कर. आता उचलेन.

तुझीच,
ताई