तुळशीच्या जागी रंगीत अळू

आई,

गॅलरीत तुळस दिसली नाही तर घाबरू नका. ती मी गच्चीवर उन्हात नेऊन ठेवलीय. समोर टॉवर उभा राहिला आणि आपलं ऊन गेलं, म्हणून ती सुकली. तुमच्या सर्वेशच्या ऑपरेशनशी तिचा काही संबंध नाही. काल कुंडीपाशी रडत होतात, मी पाहिलं.

तिच्या जागी फर्न आणि रंगीत अळू लावलाय. त्यांना सावलीच मानवते. माती ओली असेल तर पाणी घालू नका. आणि त्या अळूच्या वड्या करू नका हां, शोभेचा आहे, घसा खाजेल.

मी मुलुंडला हॉस्पिटलात निघाले. सर्वेश शुद्धीवर आला की लगेच फोन करते.

संध्याकाळचा दिवा फर्नपाशी लावा. मी एरवी या दिव्यावरून तुम्हाला कितीही बोलत असले तरी आज चुकवू नका.

जान्हवी