सतरा नंबरचा बीम

२ एप्रिल, अहमदपूर
प्रज्ञा नांदेडहून आली. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, आणि प्रोजेक्टचा रिपोर्ट सरांनी परत केलाय. आकडे बरोबर, पण वाचणाऱ्याला कळत नाहीत म्हणे. विषय आपल्याच वस्तीतल्या विहाराच्या वर वाचनालयाचा मजला. एकशे बारा पानं. शिलाई बाजूला ठेवून वाचायला घेतलं. चौथी शिकलेली मी, पण हाती आलेला कागद सोडत नाही. निम्म्यावर डोळे मिटले.

३ एप्रिल
चित्रात बीम झोळीसारखा लवलेला. "एवढा वाकणार?" प्र. हसली. "आई, ते शंभर पट मोठं करून दाखवतंय."
"मग तसं खाली लिही की माय. मला कसं कळावं?"
लिहिलं नव्हतं. प्र.नं लगेच लिहिलं.

४ एप्रिल
शेवटी लिहिलंय, सर्व बीम सुरक्षित. पान ९४ वर तक्ता. ओळीवर बोट ठेवून गेले. बीम सतरा: लवणार ३१ मिमी, चालतं २४.
विचारलं. प्र. म्हणे तुटणार नाही, नुसता लवेल. फरशी तडकेल, दारं अडकतील. तक्त्यात दिलंय ना. म्हटलं, ९४ व्या पानापर्यंत कोण जातं? उठून गच्चीवर गेली. जेवली नाही.

५ एप्रिल
शिवणात लक्ष नाही, दोनदा उसवलं. हे लातूरला सेंटरिंगच्या कामावर होते, स्लॅब खाली आला, त्यात गेले. सहा वर्षं झाली. त्या कामाचाही कागद कुणीतरी केलाच असेल. त्यात काय लिहिलं होतं, कुणी विचारलं नाही. मीही नाही.
विहार समितीचे नामदेवभाऊ येऊन गेले. प्र.च्याच कागदावर काम धरायचं म्हणतात. रविवारी विहारात सगळ्यांपुढे पहिलं पान मी वाचून दाखवायचं. प्र.नं सांगितलं, हा कॉलेजचा अभ्यास, खऱ्या इंजिनिअरची सही लागते. "आपली पोरगी हाय, बाहेरचा कशाला?" चहा संपवून गेले.

७ एप्रिल
प्र.नं पहिलं पान नवं केलं. सगळ्यात वर: सतरा नंबरचा बीम मर्यादेपेक्षा जास्त लवतो, जाडी वाढवल्याशिवाय बांधू नये. नकाशात तेवढाच लाल, बाकी राखाडी. मला एका नजरेत कळलं.
प्रोजेक्टमधला जोडीदार सुमित फोनवर भडकला. "आपण चुकलो असं पहिल्याच पानावर लिहायलीस का?" जुनंच दे, नाहीतर माझं नाव काढ म्हणे.
काय करू, तिनं विचारलं. सांगितलं नाही. तिच्या बापाचं नाव काढलं असतं तर तिनं लगेच ऐकलं असतं. म्हणूनच नाही काढलं.

९ एप्रिल, रविवार
प्र. सकाळच्या एसटीनं नांदेडला. उद्या जमा करायचंय. दोन्ही पानं घेऊन गेली, जुनंही. नव्याची एक प्रत मला.
विहारात वाचली. मग नामदेवभाऊ, "वहिनी, वाळू उद्या यायलीय. आता हे काय काढलं?"
म्हटलं, बाहेरचा इंजिनिअर आणा, तोवर थांबा. थांबू असं कुणी म्हणालं नाही. नाही असंही नाही. कागद हातोहात फिरला, लाल रेघेवर बोटं ठेवून पाहिलं सगळ्यांनी.
घरी येऊन, कुठलं पान देणार ते विचारायला प्र.ला फोन लावला. उचलायच्या आत बंद केला.