कोर्टावर टाकलेला प्रश्न

प्रिय बारक्या,

आधी खूशखबर सांगते, रडगाणं मग. तुझी केस बंद झाली! मंगळवारी वकीलकाकांचा फोन आला आणि मी चपलासुद्धा न घालता दुकानात धावले. बाबा कुणाची तरी किल्ली घासत होते. मी दारातूनच ओरडले, तशी त्यांनी कानस खाली ठेवली, गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून वाटेला लावलं आणि भर दुपारी शटर ओढलं. मी तर अख्ख्या गल्लीत गोड वाटून आले, समोरच्या इस्त्रीवाल्याला दोनदा. माझ्या पोटात काही राहत नाही, तुला माहीतच आहे.

हसं झालं रे माझं. दुसऱ्या दिवशी बाबांनी ठेवणीतला शर्ट चढवला आणि आम्ही दोघं पोलीस चौकीत गेलो, तू निर्दोष असल्याचा कागद आणायला. बाबांना तो फ्रेम करून दुकानात लावायचा होता. तिथला हवालदार भला माणूस. त्यानं आम्हाला बसवलं, चहा पाजला आणि समजावलं की असा कागद नसतोच. ज्यांच्याकडे चोरी झाली ते दातांचे डॉक्टर घर विकून लेकीकडे परदेशी गेले, कळवलं तरी उत्तर देत नाहीत, तपास पुढे सरकत नाही, म्हणून साहेबांनी फाइल बंद केली. तू चोर आहेस असं कुणी म्हटलेलं नाही, आणि नाहीस असंही कुणी म्हणणार नाही. उद्या काही नवं हाती लागलं तर फाइल पुन्हा उघडतील. मग जज्जसाहेब काय म्हणाले, असं बाबा विचारतच राहिले. केस जज्जसाहेबांपर्यंत गेलीच नाही, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना. घरी येताच त्यांनी तो शर्ट घडी करून पुन्हा ठेवणीत टाकला.

आता जे कधी बोललो नाही ते. डॉक्टरांच्या दाराचं कुलूप ओरखडाही न उठता उघडलं गेलं होतं, आणि त्याच आठवड्यात त्याची दुसरी किल्ली तू बनवून दिली होतीस. तेवढ्यावरून शंका कुणाही किल्लीवाल्यावर आली असती. पण ती बनवताना आधी एक किल्ली बिघडली होती, ती तुझ्या खणात अख्खी सापडली आणि तिथेच घात झाला. कापताना किल्ली बिघडली की गिऱ्हाइकासमोर तिचे दोन तुकडे करायचे, मगच दुसरी घ्यायची, कारण जराशी घासली की तीही कुलूप उघडते, हे आपण दोघं पाढ्यांच्या आधी शिकलो. पोलिसांना तेवढा पुरावा पुरला नाही. बाबांना मात्र पुरला की काय, या धास्तीनं मी त्यांच्या डोळ्यांत बघायचंच सोडलं. मी स्वतःला समजावत राहिले की आमचा बारक्या पहिल्यापासून आळशी, राहून गेलं असेल. खरं सांगू? कधी पटायचं, कधी नाही.

चौकशी करून पोलिसांनी तुला सोडलं त्या दिवशी तू घरी येऊन जेवायला बसलास. घास हातात तसाच धरून तू एकदा बाबांकडे बघायचास, एकदा माझ्याकडे. आम्ही काहीतरी विचारावं म्हणून तू थांबला होतास, हे मला आत्ता कळतंय. आणि आम्ही काय बोललो, तर भाजीत मीठ कमी पडलंय! मग तू गाव सोडलंस, तिकडे दारं बसवायच्या कामाला लागलास. आम्ही एकमेकांची समजूत घालत राहिलो की कोर्टात काय तो सोक्षमोक्ष लागेल, आपण कशाला बोला.

आता बाबा म्हणतात, केस बंद झाली ना, मग त्याला बोलावून घे आणि विषय काढू नकोस. मला नाही जमणार. तू ताटावर बसशील, आम्ही पुन्हा मिठाचं बोलू, आणि जन्मभर तेच चालेल. साहेब आता विचारणार नाहीत, जज्ज विचारणार नाहीत, बाबांची छाती होत नाही. म्हणून हे पत्र. बारक्या, डॉक्टरांच्या घरात तू शिरला होतास का? हो असेल तर हो लिही, नाही असेल तर नाही लिही. जे लिहिशील ते मी खरं मानेन. आणि दोन्हीतलं काहीही असलं तरी स्टेशनवर तुला घ्यायला मीच येईन.

तुझीच, जन्माची तोंडाळ आणि नेमकी तेव्हाच मुकी झालेली,
ताई