बाबांचे चाळीस

३ एप्रिल

चि. धाकट्यास अ. उ. आ.

आम्ही दोघे इकडे मजेत आहोत. तू मजेत आहेस हे तुझ्या पत्रावर उमटलेल्या ग्रीसच्या बोटांवरून कळले. बस डेपोतला हा फिटर पत्र लिहिण्याआधी हात धूत नाही, याची मी माझ्या रोजच्या वहीत नोंद केली आहे.

आईसाठी केलेली खोली तयार झाली. खिडकी दरीच्या बाजूला आहे. पलंग चार बोटे उंच करून घेतला, म्हणजे उठताना गुडघ्यांवर भार नको. सगळे आहे, फक्त आई नाही. बोलावले की ती गुडघ्यांचे कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी तू आईला घेऊन येत असताना बाबांची गाडी आमच्या घराखालच्या शेवटच्या वळणावर अडली, मागे घरंगळली आणि कठड्याला टेकली, ते तुला आठवतच असेल. तुम्ही तसेच मागे फिरलात. त्यानंतर ती इकडे आलेली नाही. टॅक्सी करते म्हटले तर तिचे म्हणणे, परक्या ड्रायव्हरच्या खांद्यावरून वेगाचा काटा दिसत नाही. काटा चाळीसच्या पुढे गेला की तिचा जीव टांगणीला लागतो, हे तर बाबांच्या वेळेपासूनचे.

पण गुडघे, चढ, काटा ही सगळी वरवरची कारणे असावीत असे मला वाटते. बाबा जाऊन दोन वर्षे होत नाहीत तोच मी डोंगरावरच्या या कॉलेजातली नोकरी धरली. आई ‘जा’ म्हणाली होती. ती ते मनापासून म्हणाली की मला तसे ऐकायचे होते, हे अजून ठरवता येत नाही.

तुला गाडीचे काही करता येईल का? गाडी चढली, तर निदान कारण तरी कळेल.

लोभ कर, आणि हात धुऊन कर.
तुझी ताई

११ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

हात धुतलेत. दोनदा. कागद हुंगून बघ.

गाडीचं करता येईल. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो ना, ते डिफरन्शियल. त्यात एक मोठं दातेरी चाक आणि एक लहान. लहान चाकाच्या किती फेऱ्यांत मोठ्याची एक फेरी होते, त्यावर गाडीचा जोर ठरतो. जोर हवा तर वेग सोडावा लागतो, दोन्ही एकदम मिळत नाही. आपल्या गाडीच्याच कंपनीची एक पावाची व्हॅन भंगारात निघाली आहे. आयुष्यभर टेकड्यांवर पाव पोचवलेत तिने. तिची चाकांची जोडी आपल्या गाडीत बसेल, फक्त बेअरिंगच्या मागच्या चकत्या कमीजास्त कराव्या लागतील.

आता नीट बसून वाच. काल मी आपला गोळा उघडला. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, मोठ्याला त्रेचाळीस दाते, लहानाला नऊ. मी मोजले एकोणचाळीस आणि दहा. खडूची खूण करून तीनदा मोजले. हे चाक आपल्या गाडीचं नाहीच! कुठल्यातरी मोठ्या, पळणाऱ्या गाडीचं आहे. आतल्या चकत्यांवर बाबांच्या बारीक अक्षरात आकडे कोरलेत, म्हणजे हात कोणाचा हे विचारायला नको.

याचा अर्थ लागला का? स्पीडचा काटा गिअरबॉक्सवर चालतो, मागे चाक बदललंय हे त्याला कळत नाही. बाबा काटा चाळीसवर ठेवायचे तेव्हा गाडी एकोणपन्नासनं पळत असायची! आई शेजारी बसून काट्यावर पहारा करायची, आणि बाबा शीळ घालत एकोणपन्नासनं. मी गाडीखाली झोपून इतका हसलो की शेजारचे लोक काय झालं म्हणून वाकून बघायला लागले. आणि म्हणूनच गाडीला तुझा चढ झेपेना.

आईला अजून सांगितलं नाही. सांगू का?

तुझा (स्वच्छ) धाकटा

१६ एप्रिल

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझे पत्र वाचून मी आधी हसले, मग हसल्याचे वाईट वाटले. ज्या माणसाने आयुष्यभर वजनमापे निरीक्षक म्हणून दुकानदारांचे तराजू तपासले, अर्ध्या तोळ्याच्या फरकासाठी माणसांना कोर्टात उभे केले, त्याने घरातलेच माप खोटे केले! तुझे भाऊजी म्हणाले, निरीक्षकालाच ते नीट जमणार. मला ते तितके सोपे वाटत नाही.

आईला सांगू नकोस. तिच्याजवळ बाबांची चाळीस वर्षे आहेत, त्यांतली एकही आपण पुसट करायची नाही. पण एक अट आहे. आपण तिच्याशी खोटेही वागायचे नाही. नवी चाके बसली की काटा उलट्या बाजूने चुकणार, हे मी ताडले आहे. म्हणून डायलवर कागद चिकटवणे, काटा वाकवणे असले काही करायचे नाही. ती चाळीस म्हणाली की काटा चाळीसवर.

हे लिहिताना मला शंका येते, की गुपित राखणे आणि खोटे न वागणे ही दोन चाके एकाच गोळ्यात बसतात का. तू फिटर आहेस, बसव.

माया असू दे.
ताई

२ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

बसवलं. दात्यांना निळा रंग लावून चाक फिरवलं, ठसा बरोबर मधोमध उमटला. चकत्या तीनदा बदलल्या. गाडी आता जरा गुणगुणते, पण ओढते अशी की दोरी बांधली तर शेजारचं घर घेऊन येईल.

आईला विचारलं, येतेस का. तिनं एवढंच विचारलं की चढते का. मी म्हटलं, पावाच्या व्हॅनची चाकं घातलीत. ती म्हणाली, जुनी काय केलीस. मी म्हटलं, ठेवलीत. तर पिशवी भरायला लागली!

शनिवारी सकाळी आठला निघतो. अडीच तासांचा रस्ता, साडेदहाला चहा टाक.

धाकटा

१२ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्या घरी आईसमोर बोलता येईना, म्हणून त्या दिवशीचं आता लिहितो. आम्ही पावणेबाराला पोचलो, तू फाटकात पांढरीफटक उभी होतीस आणि भाऊजी दवाखान्यांची यादी काढून बसले होते. मला तुम्हा दोघांकडे बघवेना. ताई, ती सगळी तुझ्या अटीची करणी!

काटा चाळीसवर म्हणजे आता खरे साडेबत्तीस. दर वेळी पाय जरा दाबला की आई खाकरायची. पुढे जावं तर काटा का चुकतो ते सांगावं लागणार, ते सांगितलं की बाबा सापडणार. एक सायकलवाला आमच्या बरोबरीनं आला, त्यानं आईची चौकशी केली, गाडी बिघडली का म्हणून मला विचारलं आणि पुढे निघून गेला. आमच्यामागे सोळा गाड्यांची रांग. मला वाटलं, आज आपल्याला उचलून कडेला टाकणार हे लोक. आई मात्र मनगटावरच्या घड्याळात बघत होती, मधेच बाहेर बघत होती. रागावली असणार, एवढा वेळ लावला म्हणून.

पण शेवटचं वळण! दुसऱ्या गिअरमध्ये, न थांबता, गुणगुणत चढली. तेव्हा आईनं डॅशबोर्डवर हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा.

ती राहते आहे ना नीट? तिच्या त्या रागाचं काही कळलं का?

धाकटा

१९ मे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लिहिते आहे, ताई नाही, त्यामुळे थोडक्यात असेल. खोली चांगली आहे. पलंग उगाच उंच केलाय, माझे पाय लोंबकळतात, पण तिला बोलू नकोस.

तुझं ताईला आलेलं पत्र टेबलावर उघडं होतं. मी वाचलं. वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या वडिलांची पत्रंही मी अशीच वाचायची.

बाळा, रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात. काटा चाळीसवर असला तर एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत नव्वद सेकंद लागले पाहिजेत. एवढं गणित मला येतं. हे एकदा तीन दिवस गाडीखाली होते, विचारलं तर म्हणाले तेल बदलतोय. पुढच्या रविवारी काटा चाळीसवर, आणि दगड त्र्याहत्तर सेकंदांत. मी घड्याळ दोनदा पाहिलं. यांच्याकडे पाहिलं तर शीळ घालत होते. जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासून आंबलेला माणूस, इतका खुशीत मी त्याला कधी बघितला नव्हता. मी गप्प बसले. शिवाय मलाही माहेरी लवकर पोचायचं असायचं. तरी काट्याकडे मात्र बघत राहिले, नाहीतर त्यांची मजाच गेली असती.

दोन वर्षांपूर्वी गाडी वळणावर मागे आली तेव्हाच मला कळलं की ही त्या चाकांची करामत. सांगितलं असतं तर तुम्ही मुलांनी यांना नावं ठेवली असती. म्हणून गुडघे पुढे केले. टॅक्सीनं आले असते तर दोष गाडीचाच ठरला असता, आणि तू ती उघडून बघितली असतीस. माझ्या गुडघ्यांनी चार पावलं जास्त टाकली असती, पण यांची चहाडी करणं जमेना. त्यापायी ताई दोन वर्षं मनाला लावून घेईल, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. काल तिला सगळं सांगितलं. नोकरीचंही सांगितलं, की मी ‘जा’ म्हणाले ते ‘जा’ म्हणूनच म्हणाले होते. ती रडली, मग हसली, मग वही घेऊन बसली. अजून लिहितेच आहे.

तू परवा एकशे दहा सेकंदांना एक दगड टाकलास. मला हसू आवरेना म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं होतं, आणि तू म्हणतोस रागावले.

यांची जुनी चाकं पुसून, तेल लावून माझ्या कपाटात ठेव. महिनाअखेर मला न्यायला ये. आणि येताना-जाताना काटा साठवर धर. साठवर त्र्याहत्तर सेकंद पडतात, मी ताईकडून पडताळून घेतलंय. मी खाकरणार नाही. बाहेर बघत बसेन.

सगळ्यांना जीव लावून राहा.
तुझी आई