हेल्मेटवर शिवलेली चुंबळ

मिरजोळे, मंगळवार, संध्याकाळ

आज साइटवर घमेली वाहणाऱ्या शेवंतीबाईंवर सगळ्यांसमोर ओरडलो. त्यांनी हेल्मेटला तापलेल्या तारेने चार भोकं पाडून वर चुंबळ शिवली होती. जुन्या लुगड्याची, घट्ट वळलेली. वरून जांभ्याचा चिरा पडला तर असलं भोकांचं हेल्मेट काय वाचवणार? मी सुपरवायझर, बोलणं भागच होतं. पण इतक्या जोरात?

त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, गुळगुळीत टोपीवर घमेलं ऱ्हातच नाय. टोपी काढली तर तुमी वरडता. आन् घमेलं पडलं तर खालच्या मान्साचं काय?"

मी ते हेल्मेट काढून घेतलं, नवीन दिलं. तेही गुळगुळीतच.

घरी आल्यावर परसात माझं हेल्मेट घातलं आणि अर्धं घमेलं वाळू डोक्यावर घेतली. दुसऱ्याच पावलाला घसरलं, पाय थोडक्यात वाचला.

उद्या ठेकेदाराला कप्पी लावायला सांगतो, माल दोरीने वर जाऊ दे. ऐकेल का? नाही ऐकलं तर शेवंतीबाईंनी काय करायचं?

ते चुंबळीचं हेल्मेट घरी आणलंय, समोर टेबलावर आहे. टाके किती जवळजवळ घातलेत. तीन वर्षं रोज हेल्मेट घालतोय मी. त्यावर ओझं मात्र आज पहिल्यांदा ठेवलं.